सहा सेकंदांचं आयुष्य: रायफलीच्या नळीची निगा कशी राखावी

एक साधा हिशोब करू या. .३०८ विंचेस्टर या अमेरिकेत अतिशय लोकप्रिय असलेल्या काडतुसाची गोळी साधारण दोन फूट लांबीच्या नळीतून बाहेर पडायला एका सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग घेते. अगदी मोजून म्हणायचं तर सुमारे १.२ मिलिसेकंद. समजा, एखाद्या चांगल्या नळीने आयुष्यभरात ५,००० गोळ्या झाडल्या. गुणाकार करून बघा: ५,००० गुणिले १.२ मिलिसेकंद म्हणजे सहा सेकंद. ज्या कामासाठी ती नळी घडवली गेली, ते काम ती उभ्या आयुष्यात फक्त सहा सेकंद करते!

उरलेली वीस, पन्नास, कधी कधी शंभर वर्षं ती काय करते? कपाटात उभी असते. म्हणून नळी कशी संपते हे समजून घ्यायचं असेल तर त्या सहा सेकंदांइतकंच कपाटातल्या वर्षांकडेही बघावं लागतं, आणि या दोन्हींच्या मधे येणाऱ्या आपल्या हातातल्या गजाकडेही.

भारतात बंदूक हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर पाहिलेला असतो. इथे अमेरिकेत तसं नाही. पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीच्या हंगामासाठी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी अनेक शाळा बंद असतात. २०१९ पासून हंगाम शनिवारी सुरू होतो, तरी सोमवारची सुट्टी बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. शेजाऱ्यांबरोबर नेमबाजीला जाणारे, शिकारीचा परवाना काढणारे मराठी लोकही आता विरळा नाहीत. तुम्ही त्यांतले असाल तर हा लेख उपयोगी पडेल. नसाल तरी हरकत नाही, कारण यातलं रसायनशास्त्र तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात रोज घडत होतं.

त्या हजाराव्या भागात काय होतं?

सेंटरफायर म्हणजे ज्या काडतुसाच्या बुडाशी, बरोबर मध्यभागी, प्रायमरची छोटी टोपी बसवलेली असते ते. चाप ओढला की आघातसुई या टोपीवर आपटते, आतलं स्फोटक पेटतं आणि त्याची ठिणगी दारूपर्यंत पोचते. .३०८ च्या काडतुसात कमाल दाब दर चौरस इंचाला सुमारे ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तो ३५ च्या आसपास असतो. वायूचं तापमान अडीच हजार अंश सेल्सियसच्या घरात जातं, आणि पोलाद वितळतं सुमारे १,५०० अंशांना. नळी वितळत नाही ती केवळ एवढ्यासाठी की हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं.

नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती हवेत डगमगत नाही. बारा इंचांत एक वळसा असेल आणि गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघत असेल, तर ती मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेत बाहेर पडते. ही फिरकी घेताना गोळीचं तांब्याचं आवरण पोलादाच्या कडांवर दाबून घासलं जातं.

आता या सगळ्यानंतर नळीत मागे काय उरतं? तीन प्रकारची घाण आणि एक प्रकारची झीज. क्षार, काजळी आणि तांबं ही घाण. ती काढता येते, पण प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. झीज मात्र कशानेच भरून येत नाही. नळी स्वच्छ करणं म्हणजे जोर लावून घासणं नव्हे, समोर यांतलं काय आहे ते ओळखणं.

पहिली घाण: क्षार

जुन्या काळ्या दारूपासून सुरुवात करू. ती जळली की निम्म्याहून अधिक भाग धूर आणि घन राख होऊन उरत असे. चार-दोन बार झाले की नळी इतकी चिकट व्हायची की तोंडाकडून पुढची गोळी ठासणं मुश्कील. यावर उपाय म्हणून कागदी काडतुसाला चरबी किंवा मेण लावत. त्याने गोळी सरकायला मदत व्हायची आणि राखही मऊ राहायची. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाला लावलेली चरबी गाईची की डुकराची, यावरून १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं. असंतोषाची कारणं कितीतरी खोल होती, हे आपण शाळेत शिकलो. पण ती चरबी मुळात काडतुसावर आली होती नळीतल्या घाणीवरचा उपाय म्हणून, हे सहसा कुणी सांगत नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू तयार केली आणि राखेचा प्रश्न बराचसा मिटला. पण प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट होतं. ते पेटलं की ऑक्सिजन सुटतो आणि मागे राहतं पोटॅशियम क्लोराईड. हे आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलं होतं, आठवतं? पोटॅशियम क्लोराईडही हवेतली आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. पोलादावर खाऱ्या पाण्याचा थर बसला की गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

आता गंमत बघा. या क्षारावर तुम्ही महागातलं तेल ओतलंत तरी तो जागचा हलत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. उलट तेलाच्या थराखाली तो सुरक्षित राहतो. त्याला हवं साधं पाणी. २० अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम. म्हणून ब्रिटिश सैन्यात लहानसं नरसाळं लावून रायफलीतून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. गरम पाण्याचा दुसरा फायदा असा की नळी तापते आणि आपोआप वाळते. त्यानंतर तेल.

काही जण काच पुसायचा अमोनियायुक्त फवारा वापरतात आणि त्याने क्षार ‘उदासीन’ होतात असं सांगतात. पोटॅशियम क्लोराईड आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, त्यामुळे उदासीन करायला तिथे काही नाहीच. फवाऱ्यातलं काम करतं ते पाणी.

आजची बहुतेक काडतुसं या प्रकारची नाहीत. १९२० च्या दशकाच्या शेवटी लेड स्टिफ्नेटचे, गंज न आणणारे प्रायमर बाजारात आले आणि १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकी सैन्यानेही बहुतेक ठिकाणी तेच स्वीकारले. पण जुन्या सैनिकी साठ्यातली, विशेषतः पूर्व युरोपातली काडतुसं इथे अजून विकली जातात. त्यांचे प्रायमर क्लोरेटचे असण्याची शक्यता दाट. संग्राहकांकडच्या .३०३ काडतुसांच्या बुडाशी कधी ‘के एफ’ ही रोमन अक्षरं दिसली तर जरा थांबा. तो आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का आहे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची .३०३ काडतुसं जगभर फिरली. तुमच्या गावाकडची म्हणून तिच्यावर प्रेम जरूर करा, पण ती झाडलीत तर त्याच दिवशी नळीतून पाणी फिरवा. उद्यावर टाकू नका.

दुसरी घाण: काजळी

धूरविरहित दारूही थोडी काजळी सोडतेच. ताजी काजळी मऊ असते, तेलकट द्रावणाने सहज निघते. फ्रँक ऑगस्ट हॉप यांनी १९०३ मध्ये तयार केलेलं ‘हॉप्स नंबर ९’ हे द्रावण आजही दुकानात मिळतं आणि त्याचा वास ओळखणारी माणसं इथे घरोघर आहेत. पण एकावर एक बार होत गेले की दाब आणि उष्णता यांनी काजळी दाबली जाते, तिच्यात तांब्याचे थरही अडकतात, आणि चेंबरच्या थोडं पुढे तिचा कठीण थर तयार होतो. चुलीवरच्या पातेल्याची एका दिवसाची काजळी राखेने निघते, वर्षाची निघत नाही. तसंच हे.

इथे जोर कामाचा नाही, वेळ कामाचा. द्रावणात भिजवलेली चिंधी एकदा फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ब्राँझचा किंवा नायलॉनचा ब्रश काही वेळा आरपार न्या आणि पुन्हा चिंधी. काळं येणं कमी होत जाईल.

तिसरी घाण: तांबं

गोळीच्या आवरणात साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असतं. नळीतून जाताना त्याचा पातळ लेप पोलादावर चढतो. थोडा लेप निरुपद्रवी असतो, उलट बारीक खळगे भरून काढतो. थर साचत गेला की मात्र नेम बिघडतो आणि थराखाली ओल धरून राहते.

तांब्याच्या घागरीला आपण चिंच लावतो. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट ऑक्साईड विरघळवतं आणि खालचं तांबं लखलखीत दिसतं. घागरीला हेच हवं असतं. नळीत आपल्याला उलटं हवं: तांबंच जायला हवं आणि पोलादाला धक्का लागता कामा नये. चिंच इथे दुहेरी निकामी. ती तांबं ठेवेल आणि आम्ल पोलादाला खाईल.

म्हणून अमोनिया. हवेतला ऑक्सिजन तांब्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि अमोनियाचे चार रेणू त्या तांब्याच्या आयनाला चहूबाजूंनी घेरून द्रावणात ओढून नेतात. या संयुगाचा रंग मोरचुदाहूनही गडद निळा. पोलादातल्या लोखंडाशी अमोनिया अशी गट्टी करत नाही. चिंधी निळी आली म्हणजे तांबं निघतंय. पांढरी आली म्हणजे संपलं.

पण एक फसगत लक्षात ठेवा. चिंधी ज्या टोकाला लावता ते पितळेचं असेल किंवा ब्रश ब्राँझचा असेल, तर अमोनिया त्यांतलंही तांबं विरघळवतो. नळी केव्हाच स्वच्छ झालेली असते, निळं येतंय ते तुमच्याच अवजारातून, आणि तुम्ही तासभर घासत बसता. तांबं काढताना नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचं किंवा निकेलचा मुलामा दिलेलं टोक वापरा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ द्रावण नळीत ठेवू नका, खिडक्या उघडा, आणि अमोनियाजवळ ब्लीचची बाटली आणूच नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू तयार होतो.

जी घाण नाही: झीज

चेंबरच्या पुढचा, खाचा जिथे सुरू होतात तो भाग प्रत्येक बाराला सर्वांत जास्त तापतो. पृष्ठभागाचा अगदी पातळ थर क्षणात लालबुंद होण्याइतका तापून पुन्हा थंड होतो. असं हजारदा झालं की तिथे जाळीदार भेगा पडतात, मे महिन्यातल्या आटलेल्या तळ्यासारख्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिशांच्या कॉर्डाइट दारूत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं आणि ती इतकी तापट होती की नळ्या भराभर खराब होत. पुढे नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं, तेव्हा नळ्यांचं आयुष्य वाढलं.

हल्ली फोनला जोडता येणारे बारीक कॅमेरे स्वस्तात मिळतात. लोक नळीत डोकावतात, या भेगा बघून घाबरतात आणि घासत सुटतात. भेगा घासून जात नाहीत. घासून जातं ते शाबूत पोलाद. झीज कमी ठेवायची एकच युक्ती: नळी हाताला चटका बसेल इतकी तापली की थांबा, निवू द्या.

गज हातात घेण्याआधी

आता प्रत्यक्ष काम. क्रम असा ठेवा:

१. रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच, आणि प्रत्येक वेळी बंदूक ‘रिकामीच होती’.

२. बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने, म्हणजे चेंबरकडून, गज घाला. गज मधे येईल असा मार्गदर्शक, म्हणजे प्लास्टिकची एक नळकांडी, चेंबरमध्ये बसवा.

३. गज एकसंध आणि आवरण चढवलेला असावा. तुकडे जोडून केलेल्या गजाचे सांधे नळीला घासतात. मऊ ॲल्युमिनियममध्ये वाळूचे कण रुततात आणि गजाची कानस होते.

४. चिंधी पुढून बाहेर पडली की काढून टाका, तीच परत मागे ओढू नका. ब्रश पूर्ण बाहेर गेल्याशिवाय दिशा बदलू नका.

५. शेवटी कोरड्या चिंध्या, मग तेलाचा अगदी पातळ हात.

मागच्या बाजूनेच का? कारण नळीचं तोंड हा तिचा सर्वांत नाजूक भाग. गोळी सुटते त्या क्षणी मागचा वायू तिच्याहून जोरात बाहेर उसळतो. तोंडाची कड सगळीकडे सारखी असेल तर तो गोळीला सर्व बाजूंनी सारखा ढकलतो. कडेला एका जागी खाच पडली असेल तर तिथून वायू आधी निसटतो आणि गोळी तिरकी होते. तुमचा नेम अचूक असूनही गोळी भलतीकडे. जुन्या ली-एनफिल्ड रायफलींमध्ये चिंधी बांधलेली दोरी नळीतून ओढत असत. दोरी रोज एकाच बाजूला घासून पोलादाच्या तोंडाला खाच पडलेल्या अशा रायफली आजही दिसतात. विहिरीच्या काठावरच्या दगडाला पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा आठवा. दोर मऊच होता. एम-१ गरँडसारख्या काही रायफलींत मागून गज घालता येत नाही. तिथे तोंडाला पितळी किंवा प्लास्टिकचा मार्गदर्शक लावून पुढूनच काम करावं लागतं.

आणखी दोन गोष्टी. प्रायमरमध्ये शिसं असतं, ते काजळीत उतरतं. म्हणून हे काम ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर नको, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा आणि चिंध्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी नळी व चेंबर कोरडे पुसा, उजेडाकडे धरून आरपार बघा. चेंबरमध्ये तेल असेल तर काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. आत चिंधीचा तुकडा अडकला असेल तर नळी फुगू शकते, फुटूही शकते.

निगा राखली नाही तर

हे सगळं शौकिनांचं कौतुक वाटत असेल तर व्हिएतनामकडे बघा. १९६५ नंतर अमेरिकी सैनिकांच्या हाती नवी एम-१६ रायफल आली. तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि अनेक तुकड्यांना सफाईचं साहित्यच मिळालं नव्हतं. मधल्या काळात काडतुसातली दारूही बदलली होती. नव्या दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या बारीक नळीत साचत होता. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि जंगलातल्या दमट हवेत त्याला गंजाचे खळगे पडत होते. पितळ त्या खळग्यांत फुगून बसायचं आणि झाडलेलं काडतूस बाहेर निघायचंच नाही. ऐन लढाईत रायफली अडकल्या आणि सैनिक मारले गेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड समितीने चौकशी करून कडक ताशेरे ओढले. पुढे चेंबरला क्रोम आला, नंतर पूर्ण नळीला. सफाईचं साहित्य पोचलं, आणि चित्रकथाकार विल आइस्नर यांच्याकडून रायफलीची निगा शिकवणारी चित्रमय पुस्तिका काढून घेऊन सैनिकांना वाटली गेली.

आपल्याकडे पितळी भांड्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई करत. धातू आणि त्याला खाणारं रसायन यांच्यामधे दुसऱ्या धातूचा पातळ पडदा. क्रोमचा मुलामा ही त्याच विचाराची कल्हई. ती न केल्याची किंमत ताकाच्या बाबतीत पोटदुखी होती. तिथे ती जीव होती.

मग साफ करायची तरी किती वेळा?

क्लोरेटचं काडतूस असेल तर त्याच दिवशी, यात तडजोड नाही. आधुनिक काडतुसं असतील तर दिवसाची नेमबाजी संपल्यावर काजळी काढा आणि तेलाचा हात द्या. तांबं दर वेळी पूर्ण खरवडायची गरज नसते. नेम बिघडायला लागला की काढा. अगदी कोरी झालेली नळी पहिल्या एक-दोन गोळ्या थोड्या वेगळ्या जागी टाकते, म्हणून शिकारी लोक सफाईनंतर मैदानावर दोन-तीन बार करून मगच जंगलात जातात.

कपाटात ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार त्यात उरलेले असतात. शेजारी सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. दर दोन-तीन महिन्यांनी, एकही गोळी झाडली नसली तरी, एक पांढरी चिंधी नळीतून फिरवा. ती पांढरीच आली तर तेलाचा हात देऊन परत ठेवा. तांबूस आली तर गंजाची सुरुवात आहे, आणि ती त्याच दिवशी थांबवता येते.